नॉबीच्या खाणीची बारावी पातळी

हेइनोला, मिशिगन
रविवार, ९ सप्टेंबर २००७

रूबेन,

वर काय लिहावं यात अर्धा तास गेला. आपल्या चर्चच्या मंडळीतल्या माणसाला पत्र लिहायचं तर आधी 'देवाची शांती' लिहायची, ही माझी पन्नास वर्षांची सवय. जो मंडळी सोडून गेला त्याला ते लिहायचं नाही, हेही तितकंच जुनं. वाढदिवसाच्या कार्डावर ही अडचण येत नाही, तिथं काय म्हणायचं ते छापूनच आलेलं असतं. म्हणून नऊ वर्षं मी तुला कार्डंच पाठवली आणि खाली हवामान लिहिलं. आज नुसतं तुझं नाव लिहिलंय. समजून घे.

हवामान असं, की सकाळी गवतावर पांढरं दिसायला लागलंय. बटाटे काढून झाले. सफरचंदं यंदा कमी आहेत पण गोड आहेत.

आता मुद्द्याचं. तुझ्या बाबांचे डोळे जाताहेत. दोन वर्षं झाली, आम्ही चष्म्यावर खापर फोडत होतो. जुलैमध्ये शहरातल्या डॉक्टरांनी आत दिवा घालून बघितलं. नजरेच्या मधोमध काळा डाग आहे आणि तो वाढतोय. कडेनं अजून दिसतं. म्हणून हल्ली ते कुणाकडे बघायचं तर मान बाजूला फिरवतात. चर्चच्या पायरीवर लेंपी त्यांना म्हणाली, "वाइनो, पन्नास वर्षं ओळखते तुला, आता या वयात तिरकं बघायला लागलास?" ते म्हणाले, "सरळ बघितलं की तू दिसत नाहीस. आधी तेच करत होतो, पण मग तुझा आवाज कुठून येतो ते कळेना." लेंपीला हसू आवरेना. मला मात्र त्या दिवशी कॉफी गेली नाही.

डॉक्टर म्हणाले, ख्रिसमसपर्यंत माणसाचा चेहरा ओळखू येईल असं धरून चाला. पुढचं ते सांगत नाहीत.

ते तुला बोलावणार नाहीत. त्यांनी कधी कुणाला काही मागितलेलं मी बघितलेलं नाही, जेवताना मीठसुद्धा उठून घेतात. म्हणून मी बोलावते. बर्फ पक्कं बसायच्या आत येऊन जा. तुझा चेहरा त्यांना एकदा नीट बघू दे. एवढंच मागते.

आणखी एक. घरापासून सौनाच्या वाफेच्या न्हाणीघरापर्यंत मी दोर बांधला, अंधारात धरून जायला. त्याचा खिळा आत ठोकताना कपडे काढायच्या खोलीतली एक फळी सुटली. फळीमागे बिस्किटांचा एक चपटा पत्र्याचा डबा होता. त्यात तुझ्या कामाची एक वस्तू आहे. पोस्टानं पाठवण्यासारखी नाही.

आई


हेइनोला
गुरुवार, २७ सप्टेंबर

रूबेन,

तुझं पत्र मंगळवारी आलं. मी बाबांना वाचून दाखवलं. तिकडे पाऊस आहे, काम बरं चाललंय, डोळ्यांचं वाचून वाईट वाटलं. शेवटच्या ओळी मी वाचल्या नाहीत. "बाबांनी बोलावलं तर येईन. पण खोक्यांबद्दल त्यांनी आधी एकदा माझ्याशी बोलावं. एकदाच."

बाबांनी विचारलं, "एवढंच?"

"एवढंच."

"मग पान कशाला उलटलंस?"

डोळे गेले तरी त्यांना कागदाचा आवाज बरोबर ऐकू येतो. मी म्हणाले, मागं कोरं आहे का ते बघत होते, यादी लिहायला उपयोगी पडतो कागद. यावर त्यांचा विश्वास बसला, कारण मी खरंच तसं करते.

मला वाटत होतं, तू मंडळीवर चिडून गेलास. टीव्ही नाही, नाच नाही, सिनेमा नाही, कॉलेजात जाऊ नको, या सगळ्यावर. सगळ्यांना मी तेच सांगत आले. आणि तू अजून खोक्यांपाशीच आहेस.

तुझी बाजू तुला माहीत आहे. माझी तुला कधी सांगितली नाही.

तू दहा वर्षांचा होतास. शरद ऋतूत रविवारच्या पेपरात एक कूपन आलं होतं, नवीन सीरिअलचं. त्यावर टोपीला दिवा लावलेला एक छोटा खाणकामगार, हातात कुदळ. नाव नॉबी नगेट्स. मला वाटलं, चला, खाणीत राबणाऱ्या लोकांचा कुणीतरी मान ठेवला. डॉक्टर, पोलीस, अंतराळवीर, सगळ्यांचं कौतुक होतं. तांब्याच्या खाणीत बाराशे फूट खाली जाणाऱ्याचं कुणी करत नाही. मी अभिमानानं दोन खोके आणले. बाबांच्या जेवणाच्या डब्याशेजारी ठेवले, म्हणजे त्यांना दिसेल. तू सकाळी उठलास, खोका बघितलास आणि तुझा चमचा हवेत राहिला.

"आई, हा नॉबी आहे."

"हो, लिहिलंय तसं."

"आई, हा व्हिडिओ गेममधला आहे. वर्गातल्या निलोच्या चुलतभावाकडे आहे तो गेम. टीव्हीला लावतात."

आपल्याकडे टीव्ही कुठला, मला कुठून कळणार. पण तोवर तू अर्धा वाडगा संपवला होतास, आणि उघडलेलं अन्न टाकून देणं मला या जन्मी जमणार नाही. एका खोक्यात दोन पिशव्या होत्या; एकीत पिवळे सोन्याचे गोळे, दुसरीत निळे दिवे. निळ्यानं दूध निळं व्हायचं. मी ठरवलं, हे दोन खोके संपवायचे, मग नाही.

मग तू खोका उलटा केलास. मागच्या बाजूला नॉबीच्या खाणीचा नकाशा होता, पातळी पहिली. बोगदे, शिड्या, पाणी भरलेले खड्डे, कोसळणारे दगड. तू बोट ठेवलंस आणि नॉबीला वरून खाली न्यायला लागलास, तोंडानं आवाज काढत. दुसऱ्या खोक्यावर पातळी चौथी निघाली. तू म्हणालास, "आई, अशा बारा आहेत. बाजूला लिहिलंय."

देवानं मला एकच मूल दिलं. आपल्या मंडळीत ज्यांची नऊ नि दहा आहेत त्यांना मुलाला 'नाही' म्हणायची सवय होते, दिवसातून नव्वद वेळा म्हणावं लागतं. मला ती झाली नाही.

पुढचं वर्षभर मी दुकानात खोके उलटे करकरून पातळ्या शोधत होते. एकदा लेंपीनं पकडलं. "हिल्मा, सीरिअल घेतेस की भविष्य बघतेस?" मी म्हणाले, तारीख बघते. ती म्हणाली, "माझी दहा पोरं तारखेपर्यंत थांबत नाहीत गं." घरी आल्यावर मी नगेट्स ओट्सच्या डब्यात ओतायचे आणि हिशेबाच्या वहीतसुद्धा ओट्सच लिहायचे. एका सकाळी बाबांनी दुधात बघितलं.

"हिल्मा, ओट्सना काय झालं?"

"काय झालं?"

"निळे आहेत."

"डब्याचा रंग लागला असेल."

ते सगळं खाऊन, निळ्या जिभेनं खाणीत गेले. पुढं वर्षभर काही बोलले नाहीत. मला वाटलं, फसले.

तू रिकामे खोके चपटे करून सौनाच्या माळ्यावर ठेवायचास. शनिवारी दुपारी ते जमिनीवर एकाला एक जोडून मांडायचास आणि गुडघ्यांवर रांगत खाली खाली जायचास. टीव्हीवरचा गेम तू कधीच बघितला नव्हतास. तुझा गेम म्हणजे ते पुठ्ठे. अकरा पातळ्या जमल्या. बारावी मिळाली नाही, कारण तोवर कंपनीनं ते सीरिअलच बंद केलं. दुकानदाराला मी तीनदा विचारलं. तिसऱ्यांदा तो म्हणाला, "मिसेस कांगास, गिऱ्हाइकांनी एकदा चव घेतली आणि परत कुणी आलं नाही. तुम्ही एकट्याच आलात." मग तू किराण्याची तपकिरी पिशवी फाडून तिच्यावर बारावी पातळी स्वतः काढलीस.

इथं थांबते. का थांबते ते मला ठाऊक आहे.

आई


हेइनोला
रविवार, १४ ऑक्टोबर

रूबेन,

चर्चहून येऊन टोपीसुद्धा न काढता बसलेय, नाहीतर उद्यावर टाकेन.

तुझे खोके बाबांनी जाळले नाहीत. मी जाळले.

१९९१चा एप्रिल. फिनलंडहून पाहुणे उपदेशक आले होते आणि त्यांचा मुक्काम आपल्याकडे होता. त्यांच्यासाठी मी तीन दिवस घर घासत होते. ते पोचायच्या आदल्या रात्री तुझ्या खोलीबाहेरून जाताना तू प्रार्थना करताना ऐकलं. आजीसाठी केलीस, बाबांसाठी केलीस, खाणीतल्या सगळ्यांसाठी केलीस, आणि मग म्हणालास, "आणि नॉबीला बाराव्या पातळीतून बाहेर काढ." आमेन म्हणून झोपलास.

आज मला त्यात वाईट काय तेच दिसत नाही. त्या रात्री मी दाराबाहेर उभी राहून एकच घोकत होते. सीरिअलच्या खोक्यावरच्या चित्रासाठी माझा मुलगा देवाकडे मागणं मागतोय, आणि हे त्याच्या तोंडात मी घातलंय, चमच्यानं. उद्या पाहुणे तुझ्यासोबत प्रार्थना करणार होते. तू त्यांच्यासमोर तेच म्हणाला असतास तर? मी तुझ्या आत्म्याचा विचार केला असं मी स्वतःला सांगत आले. खरं सांगायचं तर त्याहून जास्त विचार मी लेंपीचा, पाहुण्यांचा, लोक काय म्हणतील याचा केला.

तू शाळेत होतास. मी माळ्यावरून सगळे उतरवले आणि सौनाच्या भट्टीत घातले. वरची तपकिरी पिशवी आधी उलगडून बघितली. खाणीच्या तळाशी तू तीन माणसं काढली होतीस. एकाच्या टोपीला दिवा, एकीच्या अंगावर एप्रन, आणि मधे छोटा. ती पिशवीही घातली. हे मी आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं, बाबांनासुद्धा नाही.

बाबा शिफ्टवरून आले आणि नेहमीसारखे भट्टीत लाकडं सारायला बसले. तेवढ्यात तू आलास. भट्टीचं दार उघडं होतं, राखेत निळ्या पुठ्ठ्याचा एक कोपरा होता. तू बाबांकडे बघितलंस. बाबांनी माझ्याकडे बघितलं. माझ्या तोंडावर सगळं लिहिलेलं असणार, कारण ते लगेच म्हणाले, "मी टाकले. पेटवायला कोरडं काही नव्हतं." लाकडाची रास त्यांच्या पाठीमागे छपरापर्यंत होती. तू वळून निघून गेलास. मी टॉवेल मोजत उभी राहिले.

त्या रात्री पाहुणे म्हणाले, इतका छान तापलेला सौना त्यांनी अमेरिकेत बघितला नाही.

मी बाबांना विचारलं, अंगावर का घेतलंस. म्हणाले, "तो माझ्याशी तसाही चारच शब्द बोलतो. तुझ्याशी बोलतो ते चालू राहू दे. एक वाट बंद झाली तर दुसरी हवी." मी म्हटलं, मी सांगेन त्याला. म्हणाले, "सांग." मग मी सांगितलं नाही. आज सांगेन, वाढदिवस झाला की सांगेन, शाळा संपली की सांगेन.

तू एकोणीस वर्षांचा असताना स्वयंपाकघरात उभा राहून त्यांना म्हणालास, "पोराचे खोके जाळणारा माणूस मला देव शिकवणार?" ते कॉफी पीत राहिले. मी सिंकपाशी होते. एक वाक्य बोलायचं होतं. मी नळ सोडला. तू गेलास तेव्हा पाणी वाहत होतं.

म्हणजे ज्या माफीची तू वाट बघतोयस ती त्यांच्याकडे नाहीच. ती माझ्याकडे आहे.

आता डब्याबद्दल. त्यात नॉबी नगेट्सचा एक खोका होता, चपटा करून मेणकापडात गुंडाळलेला. मागं लिहिलंय, पातळी बारावी. मी तो बाबांच्या हातात दिला. बोटांनी चाचपून म्हणाले, "सापडला होय."

"कुठून आणलास?"

"बेसमर गावाच्या पलीकडे एक दुकान बंद होत होतं. त्या फेब्रुवारीत. चेपलेला होता."

"पण तुला काय माहीत, त्याला बारावी हवी होती?"

"हिल्मा, मी वर्षभर निळे ओट्स खाल्ले."

तुझ्या वाढदिवसाला द्यायचा म्हणून ठेवला होता. वाढदिवस मे महिन्यात, आणि मी एप्रिलमध्ये भट्टी पेटवली. जाळले म्हणून कबूल केलेल्या माणसानं मग हा कुठल्या तोंडानं द्यायचा? ठेवला फळीमागे. त्यावर त्यांनी सुताराच्या जाड पेन्सिलीनं काहीतरी काढलंय, मला ते समजलं नाही. विचारलं तर म्हणाले, "तो माझा नि नॉबीचा विषय आहे."

तुला काही लिहू नकोस म्हणाले. जुनं झालं, पोराला आता कशाला. हे पत्र त्यांना न सांगता टाकतेय.

आपल्याकडची रीत तू विसरला नसशील. माफी कागदावर होत नाही. ज्याचं केलं त्याच्यासमोर उभं राहून तोंडानं मागायची, आणि त्यानं दिली तर ती आपल्या कानांनी ऐकायची. सोळा वर्षांत मी मंडळीत सगळ्यांकडून सगळ्याची माफी मागून घेतली. लेंपीबद्दल मनात काय काय येतं त्याचीसुद्धा, तिच्याच तोंडावर. ती म्हणाली, माझ्याही मनात तुझ्याबद्दल तेच येतं. एवढं एक राहिलं, कारण हे देणारा माणूस सिअॅटलला आहे.

तू नाही आलास तर मला कारण विचारायचं नाही. पण बाबांचा यात दोष नाही. निदान त्यांच्यासाठी ये.

आई


हेइनोला
शुक्रवार, २ नोव्हेंबर

रूबेन,

कार्ड मिळालं. मंगळवार, १३ तारीख, दुपारी. बरं.

विमानतळावरून भाड्याची गाडी घेशील तेव्हा बर्फाचे टायर माग, नाही म्हणाले तर दुसरीकडे जा. पुलापाशी रस्ता उखडलाय, जुन्या डेअरीवरून वळ. पंधरा तारखेला हरणांची शिकार सुरू होते, म्हणजे त्या आठवड्यात रस्त्यावर सगळी केशरी टोपीवाली माणसं असतील, सांभाळून. मोजे जास्तीचे आणू नकोस, मी विणलेत. नऊ जोड आहेत, एका वर्षाचा एक. पायाचं माप तेच धरलंय.

बाबांना मी तू येतोस एवढंच सांगितलं. "का?" म्हणाले. मी म्हणाले, हरणांसाठी. "त्यानं आयुष्यात हरीण मारलेलं नाही," म्हणाले. तरी दुसऱ्या दिवशी न्हाव्याकडे गेले.

आई


हेइनोला
रविवार, २ डिसेंबर

रूबेन,

मोजे पोचले का, म्हणजे तू घालून गेलास ते सोडून बाकीचे आठ. पार्सल सोमवारी टाकलं होतं.

तुला इथं न दिसलेलं थोडं लिहिते.

त्या मंगळवारी बाबा सकाळी दहापासून पडवीत बसले होते. थंडीत बसू नको म्हटलं तर म्हणाले, "गाडीचा आवाज ऐकतोय." मी म्हणाले, "दुपारी येणार आहे तो." म्हणाले, "सिअॅटलमध्ये दुपार कधी होते, कुणाला माहीत." तू पायऱ्या चढलास, त्यांनी मान डावीकडे फिरवली, आणि तू म्हणालास, "बाबा, अजून रागावलाय?" ते म्हणाले, "नाही रे. असंच दिसतं आता." मग तूच बाजूला सरकलास, त्यांच्या नजरेच्या कडेला जाऊन उभा राहिलास, आणि ते बघत राहिले. तुला वाटलं असेल मिनिटभर. मी आत होते, कॉफी उतू गेली तोवर.

जेवताना ते सुरू झाले, "त्या खोक्यांचं, रूबेन, मी तेव्हा..." आणि तू म्हणालास, "बाबा, आईनं सगळं लिहिलंय." त्यांनी काटा खाली ठेवला. "हिल्मा, तुझ्या पोटात काही राहत नाही," म्हणाले. "सोळा वर्षं राहिलं ना," मी म्हणाले. "तेच नवल आहे," म्हणाले, आणि आणखी बटाटे मागितले. आमच्या अख्ख्या संसारात त्यांनी मागितलेली पहिली गोष्ट.

भांडी पुसताना मी तुला विचारलं ते तुला आठवत असेल. हात ओले होते, पुसायला थांबले असते तर परत नळ सोडला असता. "रूबेन, तुझे खोके मी जाळले आणि तुला बाबांवर रागावू दिलं. मला माफ करशील का?" तू बराच वेळ एकच ताटली पुसत होतास. मग म्हणालास, "आई, ते मंडळीतले शब्द मी आता म्हणत नाही. खोटे होतील. पण तू विचारलंस ते मी ऐकलं, आणि माझ्या मनात तुझ्याविरुद्ध काही उरलेलं नाही."

आपल्याकडे असं म्हणत नाहीत. ठरलेले शब्द आहेत, त्यात येशूचं नाव येतं, रक्त येतं. मी रात्रभर विचार केला, हे धरायचं का. सकाळी उठले तेव्हा छातीवर काही नव्हतं. मी धरलं. लेंपीला सांगितलं तर ती म्हणाली, "ज्याचा जो विषय, त्यानं तो मिटवला. माझ्या धाकट्यानं मला एवढंसुद्धा म्हटलं नाही."

शनिवारी तुम्ही दोघं सौनात होतात. मी टॉवेल ठेवायला आले होते, ऐकायला नाही, पण फळ्या पातळ आहेत. बाबांनी डबा काढला. तू म्हणालास, "ही ती?" आणि मग मेणकापड उलगडल्याचा नि नाक ओढल्याचा आवाज. मला वाटलं, मुलगा रडतोय. पण तू एकदम म्हणालास, "बाबा, ही रेघ काय आहे?"

"कुठली?"

"उजवीकडची. तळापासून वर गेलेली. ही छापलेली नाही."

"ती मी काढली. या खाणीला दुसरी वाट नव्हती."

"म्हणजे?"

"सगळी खाण एका शिडीवर. ती कोसळली की खालचा माणूस खालीच. आम्ही अशा खाणीत पाय ठेवला नसता, युनियननंच ठेवू दिला नसता. ज्यानं हे काढलं तो कधी जमिनीखाली गेलेला नाही. तू नॉबीसाठी प्रार्थना करत होतास ना, आईनं सांगितलं होतं. मी म्हटलं, देव करेल तेव्हा करेल, तोवर एक वाट काढून ठेवू."

तू हसायला लागलास. इतका हसलास की मी दार उघडणार होते. मग म्हणालास, खरा गेम तू एकोणीस वर्षांचा झाल्यावर पहिल्यांदा खेळलास, आणि त्यातही सगळे बाराव्या पातळीतच अडकायचे, त्याच शिडीपाशी. आणि आता पोटासाठी तू असल्याच जागा रचतोस, आणि तुझ्या कामाच्या ठिकाणी तुला चिडवतात, कारण तू प्रत्येक जागेला मागचं दार ठेवतोस. का ठेवतोस ते तुला सांगता येत नाही. बाबा म्हणाले, "सांगायचं काय त्यात. कायदा आहे."

आत्तापर्यंत मंडळीत कुणी विचारलं तर मी सांगायचे, रूबेन नकाशे काढतो. गेल्या रविवारी कॉफीच्या टेबलावर मी सांगितलं, व्हिडिओ गेम करतो. वेलचीच्या निसू पावाचा तुकडा लेंपीच्या हातातून कॉफीत पडला. मी म्हणाले, त्यांना दुसरी वाट ठेवतो तो. मग पुढचं कुणी विचारलं नाही.

खोका तू नेला नाहीस ते बरं केलंस. तपकिरी पिशवी फाडून तिच्यावर नक्कल काढत बसलास, जीभ बाहेर काढून, दहा वर्षांचा असताना काढायचास तशी, तेव्हा मी खिडकीकडे तोंड करून उभी होते. तळाला माणसं काढलीस की नाही ते मी बघितलं नाही. विचारतही नाही.

काल पुन्हा शनिवार. सौनानंतर बाबा बाकावर खोका मांडीवर घेऊन बसले. डॉक्टरांचा अंदाज थोडा चुकला, ख्रिसमसच्या आधीच कडा धूसर व्हायला लागल्यात. तुझा चेहरा मात्र वेळेत बघून झाला. पेन्सिल त्यांनी इतकी दाबून ओढली होती की पुठ्ठ्यात खाच पडलीय, बोटाला लागते. डोळे मिटून बोट तळाशी ठेवतात आणि वर येतात. वर आले की म्हणतात, "निघाला," आणि परत खाली ठेवतात. मी म्हणाले, "किती वेळा काढणार त्याला?" म्हणाले, "शिफ्ट संपेपर्यंत."

तुला कळवायला सांगितलंय की रेघ अजून शाबूत आहे, आणि मार्चमध्ये रस्ते बरे असतात.

निघताना दारात मी तुला एक शब्द म्हणाले. गाडी सुरू होती, तुला ऐकू गेलं नसावं. जो मंडळीत नाही त्याला तो म्हणायचा नसतो, म्हणून मी उपदेशकांना न विचारता म्हणाले, आणि आता न विचारताच लिहिते. पहिल्या पत्रात तो तुझ्या नावाच्या वर लिहायचा राहिला होता.

देवाची शांती, रूबेन.

आई